सोम-बुध-शुक्रची थंडी

सोमवार, ८ जानेवारी. सकाळी सहा पन्नास. पोर्चमधला थर्मामीटर: अकरा अंश.

हजर: मी, स्टीअरिंगमागे. सासरे, शेजारच्या सीटवर. सीट शेवटपर्यंत मागे सरकवलेली, उजवा पाय फळीसारखा समोर ताणलेला, डोक्यावर कानटोपी, तिच्यावर मफलर, त्यावर शाल. सासूबाई, पायरीवर, हातात थर्मास. नवरा, लुंगीवर स्वेटर, बॉनेटपाशी. तिथे का उभा आहे ते त्यालाही माहीत नाही. मुलगी, खिडकीत, अर्धवट जागी. गैरहजर: इंजिन.

किल्ली अर्धी फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागत होते. पूर्ण फिरवली की पुढून एक बारीक 'टक्' यायचे आणि सगळे दिवे विझायचे. मी हे सहा वेळा केले. सातव्या वेळी 'टक्' यायचेही बंद झाले.

"ये गाड़ी भी दादाजी जैसी है," खिडकीतून मुलगी म्हणाली. "धूप निकलेगी तब चलेगी." आमच्या घरात तिच्याशी सगळे मराठीत बोलतात आणि ती सगळ्यांना हिंदीत उत्तर देते.

"राहू दे," बाबा म्हणाले. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. "थंडी आहे. आता खाली आलोच आहे तर इथंच उन्हात बसतो."

ऊन अजून समोरच्या घराच्या पाण्याच्या टाकीवर होते. पण आम्ही त्यांना बाहेर काढले. नवऱ्याने एका बाजूने धरले, मी दुसऱ्या बाजूने, सासूबाईंनी खुर्ची आणली. बाबा तिच्यावर असे बसले, जणू कोणी त्यांना युद्धातून परत आणले आहे. नऊ वाजता ऑफिसला निघताना मी रागारागाने किल्ली फिरवली. कार पहिल्याच सेल्फला सुरू झाली.

आता गुडघ्याबद्दल सांगायला हवे, कारण कार बंद पडल्याचे दुःख कारमुळे नव्हते.

बाबांचा उजवा गुडघा डिसेंबरच्या मध्यावर बदलला होता. नवा गुडघा बसवणे हे डॉक्टरांचे काम आणि तो वाकवणे हे आमचे, असे डॉक्टरांनी घरी सोडतानाच बजावले होते. सहा आठवड्यांनी, म्हणजे २७ जानेवारीला, ते कोन मोजणार होते. नव्वद अंश वाकला तर सुटलो. नाही वाकला तर परत भरती व्हायचे, परत भूल घ्यायची, आणि बाबा बेशुद्ध असताना डॉक्टर स्वतः जोर लावून तो वाकवणार. हे सांगताना त्यांनी दोन्ही हातांनी ऊस मोडल्यासारखी खूण केली. सासूबाईंनी त्या दिवसापासून घरात उसाचा रस येऊ दिलेला नाही.

तो वाकवण्यासाठी तेलीबांध्याला तलावाजवळच्या एका फिजिओथेरपी केंद्रात आठवड्यातून तीन दिवस जायचे होते: सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात. दहा मिनिटांपेक्षा उशीर झाला की जागा पुढच्याला. शंकर नगरातून तिथे पोचायला सकाळी दहा मिनिटे पुरतात, पण त्यासाठी कार सुरू व्हावी लागते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सोमवार-बुधवार व्यवस्थित गेलो. शुक्रवारी कार उठली नाही; तो अपघात मानला. सोमवारीही उठली नाही तेव्हा मी वही काढली.

मी नवा रायपूरच्या एका सरकारी कार्यालयात भांडार सांभाळते. आमच्याकडे पंखा बंद पडला तरी त्याचा कागद निघतो. वहीत मी रकाने आखले: वार, वेळ, तापमान, किती वेळा किल्ली फिरवली, काय आवाज आला, दिवे कसे होते. पान छान दिसत होते. त्यात एक मोठे भोक होते, पण ते मला आणखी आठ दिवसांनी दिसले.

घरातल्या प्रत्येकाने कारण सांगितले. नवरा म्हणाला, "बॅटरी गेली असन." नवऱ्याचे सगळ्याच बाबतीत हे निदान असते, भिंतीवरचे घड्याळ, टीव्हीचा रिमोट, एकदा तर माझी आत्या. सासूबाई म्हणाल्या, कारवर रात्री जुनी रजई टाका. मी बाबांना विचारले, कारण ते रेल्वेत होते, आणि तेही डब्यांच्या दिव्या-पंख्यांच्या खात्यात. डब्याखालच्या बॅटऱ्या बघण्यातच त्यांची नोकरी गेली.

"बाबा, तुमचा तर हा रोजचा विषय. तुम्हाला काय वाटतं?"

"थंडी," बाबा म्हणाले.

"अकरा अंशांत?"

"त्या बॅटऱ्या वेगळ्या असत. माणसाएवढ्या. ह्या खेळण्यातल्या." आणि त्यांनी पेपर वर केला.

बाहेरच्या लोकांना सांगायला हवे की रायपूरची थंडी ही मुख्यतः कपड्यांत असते. मे महिन्यात शेगडीत राहणारी माणसे आम्ही; अकरा अंश झाले की अख्खे शहर माकडटोप्या घालून कोपऱ्याकोपऱ्यांवर शेकोट्या पेटवते. त्यामुळे थंडी हे कारण इथे कोणालाही पटते. नवऱ्याने तर बाथरूममधली खोबरेल तेलाची बाटली आणून पुरावा म्हणून माझ्यासमोर उलटी धरली. तेल हलले नाही.

"हे जमलं, तर इंजिनातलं काहून नाही जमणार?"

"इंजिनात खोबरेल घातलंय का?"

"म्हणून तर म्हणतो, बॅटरी."

बुधवारी, दहा तारखेला, सहा पन्नासला तेच. दिवे लागले, टक्, दिवे गेले. फोनवर टॅक्सी शोधली तर सर्वांत जवळची बारा मिनिटांवर. म्हणजे जागा गेली. बाबा पुन्हा उन्हात. मी गुढियारीच्या गॅरेजवाल्याला फोन केला. हा आमचा जुना माणूस, पन्नाशीचा, स्वभावाने शांत. तो साडेनऊला मोटरसायकलवरून आला, खाली वाकून बाबांच्या पाया पडला, कारमध्ये बसला, किल्ली फिरवली. सुरू.

"मैडम, ये तो चल रही है."

"भैया, सात बजे नहीं चलती."

"तो नौ बजे जाया करो."

तरी त्याने बॉनेट उघडले. टर्मिनल, म्हणजे बॅटरीच्या खुंट्यांवर बसणाऱ्या तारांच्या पकडी, हाताने हलवून पाहिल्या. घट्ट होत्या. प्लग काढून पुसले. मग हात पुसत म्हणाला, सेल्फ कमजोर वाटतो, आणि थंडीत तेल घट्ट होते. नवऱ्याने माझ्याकडे खोबरेलाच्या नजरेने पाहिले. बाबा खुर्चीवरून सगळे बघत होते, मधूनच "हव, हव" म्हणत होते. त्यांनी सासूबाईंना त्याच्यासाठी चहा टाकायला सांगितला. आमच्याकडे कारागिराला चहा सांगणारे बाबा मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. वहीत ते लिहायला रकाना नव्हता.

शुक्रवारी मी आदल्या दिवशीच टॅक्सी ठरवून ठेवली. ती वेळेवर आली. बाबांनी आधी सांगितले की पाय मावणार नाही. पाय मावला. मग शंकर नगर ते तेलीबांधा या रस्त्यावर किती गतिरोधक आहेत ते त्यांनी प्रत्येकाला कण्हून मोजले. चालक बिचारा शेवटी दुसऱ्या गिअरवर आला. पण पोचलो.

केंद्रातली फिजिओथेरपिस्ट पंचविशीची मुलगी आहे. मनगटे बारीक, पण पैलवानाचा जोर. तिने कोन मोजला आणि कार्डाकडे पाहिले. आदल्या आठवड्यातल्या बुधवारी साठ लिहिले होते. मधले तीन दिवस आम्ही गैरहजर.

"बहत्तर," ती म्हणाली. "दादाजी, आप आए नहीं और बारह डिग्री बढ़ गया. घर में एक्सरसाइज़ कर रहे हो?"

"हव," बाबा म्हणाले.

हे साफ खोटे होते. घरच्या व्यायामांची यादी मीच फ्रिजवर लावली होती, रोजच्या चौकटींसह, आणि एकाही चौकटीत खूण नव्हती. पायऱ्या चढण्या-उतरण्याच्या ओळीसमोर तर बाबांनी स्वतः पेन्सिलीने 'अशक्य' लिहिले होते. पोर्चला दोनच पायऱ्या आहेत. त्या उतरवताना दर वेळी आम्ही दोघे त्यांना दोन्ही बाजूंनी धरायचो आणि ते देवाचे नाव घ्यायचे. पण बहात्तर म्हणजे बहात्तर. मी खूश झाले आणि पुढे विचार केला नाही. खुशीत माणूस वही बंद ठेवतो.

शनिवारी नवऱ्याने नवी बॅटरी आणली. दुकानदाराने जुनी तपासून सांगितले होते की ती चांगली आहे. नवऱ्याने त्याचे ऐकून घेतले आणि नवी घेतली. रविवारी मी माझ्या यादीतले शेवटचे काम केले: टर्मिनलवर गंज चढू नये म्हणून व्हॅसलीन लावायचे असते. घरात व्हॅसलीन सापडेना. मुलीच्या टेबलावर ओठांना लावायची एक डबी होती, गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाची. मी ती दोन्ही टर्मिनलवर सढळ हाताने थापली.

"मम्मी, मेरा लिप बाम किसने लिया?"

"कारने."

"मतलब?"

"तिचे ओठ फुटले होते."

सोमवारी, पंधरा तारखेला, सहा पन्नासला, नवी बॅटरी, साफ प्लग आणि स्ट्रॉबेरी असूनही कार उठली नाही. टक्, आणि अंधार.  नवरा म्हणाला, "डिफेक्टिव पीस दिला असन." मी मात्र बोटांवर दिवस मोजले. सत्तावीस तारखेला बारा दिवस उरले होते. पाच जानेवारीपासून बाबा एकदाच केंद्रात गेले होते. बाबांना सीटवरून उतरवून मी वॉकर त्यांच्यापुढे उघडला. त्याच्या रबरी मुठीला माझा हात चिकटला. मुठीवर करडा, तेलकट थर होता. मी हाताचा वास घेतला.

स्ट्रॉबेरी.

बाबांनी उभ्या आयुष्यात कधी ओठांना काही लावलेले नाही. त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच उपाय आहे, मोहरीचे तेल, आणि ते तेल स्ट्रॉबेरीच्या सात गावे दूरूनही जात नाही. खुर्ची उन्हात ठेवली, हातात पेपर दिला, आणि आत येऊन वही उघडली.

तेव्हा मला ते भोक दिसले. माझ्याकडे सोमवार, बुधवार, शुक्रवारच्या पहाटेच्या नोंदी होत्या. मंगळवार आणि गुरुवारी सात वाजता कार सुरू होते की नाही, हे मी एकदाही पाहिले नव्हते. पाहायचे कारणच नव्हते. त्या दिवशी मी नऊला निघते. रोज भांडारात लोकांच्या नोंदींतल्या चुका काढणारी मी, स्वतःच्या घरात फक्त आजारी दिवसांची नोंद ठेवत होते.

मंगळवारी सहा पन्नासला एकटीच पोर्चमध्ये गेले. थर्मामीटरवर नऊ अंश; महिन्यातली सर्वांत थंड सकाळ. किल्ली फिरवली. कार पहिल्या सेल्फला अशी सुरू झाली की शेजारचे कुत्रे उठले.

मी बंद केली. पुन्हा सुरू केली. बंद केली. मग वहीत लिहिले: दोष थंडीचा नाही. दोष प्रवासी पाहून येतो.

बुधवारी पहाटे सव्वापाचला मी स्वयंपाकघरात अंधार ठेवून खिडकीशी उभी राहिले. गॅसवर चहा मंद ठेवला होता. साडेपाचला बाहेरचा दरवाजा वाजला. बाबा आले. वॉकर त्यांनी पायऱ्यांच्या वरच भिंतीला टेकवून ठेवला. मग कठड्याला एक हात लावून उतरले, आधी दुखरा पाय, मग चांगला, पुन्हा आधी दुखरा, मग चांगला. बरोबर तसेच, जसे केंद्रातली मुलगी शिकवते आणि ते म्हणतात की जमत नाही. देवाचे नाव एकदाही घेतले नाही. कारचे दार उघडले. बॉनेटची खिट्टी आमच्या कारमध्ये स्टीअरिंगखाली आहे. ती ओढायला त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसावे लागले, गुडघा मुडपून. बसले. ओढली. उठले. बॉनेट उचलले, काठी लावली, आणि स्वेटरच्या खिशातून दहा नंबरचा पाना काढून टर्मिनलवर फिरवला.

मी दोन कप घेऊन बाहेर गेले.

"चहा, बाबा."

त्यांनी मान वर केली. दचकले नाहीत; रेल्वेच्या नोकरीत माणसाला अशा अचानक पाहणीची सवय असते.

"काहून उठली इतक्या लवकर?"

"तुम्ही काहून उठलात?"

"झोप नाही लागत."

"आणि पाना?"

त्यांनी हातातल्या पान्याकडे असे पाहिले, जणू तो मीच तिथे ठेवला होता. "टर्मिनल चेक करून राहिलो होतो. ढिलं होतं."

"किती ढिलं?"

"दीड आटा," ते म्हणाले. मापाच्या बाबतीत बाबांना खोटे बोलता येत नाही.

मी कप बॅटरीशेजारी ठेवला. त्यांनी एक घोट घेतला.

"दीड आट्यात दिवे लागतात," मग त्यांनी स्वतःच सांगितले, जवळजवळ अभिमानाने. "सेल्फ ओढायला गेलं का करंट तुटतो. वरून काही दिसत नाही. साडेआठला तुम्ही आत डबे भरून राहता, तेव्हा मी परत आवळून टाकतो. तुले ऑफिसले उशीर नको."

"उपकार झाले."

"तुले समजलं कसं?"

"तुमच्या वॉकरला स्ट्रॉबेरीचा वास येतो."

"तरीच. मी म्हटलं, हे कोणतं ग्रीस आलं बाजारात."

मी विचारले, इतके दुखते का? ते म्हणाले, दुखण्याचे काही नाही. मग बराच वेळ पान्याने बॅटरीवरची धूळ खरवडत राहिले.

"बाजूच्या टेबलावर कोण असतो, पाह्यलं तू?"

पाहिले होते. एक वाळका, पांढऱ्या मिशांचा माणूस, त्याचाही गुडघा, त्याचीही वेळ सातचीच.

"माह्या हाताखाली फिटर होता तो. मी लय पिदडलं त्याले. एकदा पंख्यात बोट आलं त्याचं, रडून राहिला होता. मी म्हटलं, रडतो काहून, नऊ आहेत ना अजून." बाबांनी चहा संपवला. "आता तो बाजूले पडून असतो. पोट्टी त्याचा पाय मोडते, हा हूं का चूं करत नाही. आणि मी पहिल्याच दिवशी 'आई गं' म्हटलं. तीनदा. त्यानं मोजलं असन."

"सत्तावीस तारखेला डॉक्टर बेशुद्ध करून मोडतील. ते चालेल?"

"तिथं तो नसन ना."

मी कामाचा पर्याय सांगितला: पडद्यामागचे टेबल मागून घेऊ.

"पडद्यामागं गेलो तर म्हणन, साहेब भेला."

"मग ओरडायचं काय ते बदला. रेल्वेच्या शेडमध्ये ओरडत नव्हतात का तुम्ही?"

"ते कामासाठी."

"हेही कामच आहे. 'आई गं' नका म्हणू. शिव्या द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. लग्नाला वीस वर्षे झाली, सुनेने सासऱ्याला शिव्या द्यायला सांगायची आमच्याकडे पहिलीच वेळ. मग ते वाकले आणि दीड आटा आवळला. पायऱ्या चढताना मी हात पुढे केला तर म्हणाले, राहू दे, येतं मले. एवढे बोलल्यावर त्यांना आठवले की त्यांना येत नाही. पण तोवर ते वर पोचले होते.

सात वाजता आम्ही केंद्रात होतो. पांढऱ्या मिशांचा माणूस शेजारच्या टेबलावर होता. त्याने "नमस्ते साहब" म्हटले, बाबांनी मान हलवली, आणि दोघे छताकडे बघू लागले. मी फिजिओथेरपिस्ट मुलीला बाजूला घेऊन सांगितले की दादाजी आज थोडे जोरात बोलतील, वाईट वाटून घेऊ नकोस.

"हव दीदी," ती म्हणाली. "गाली दे लें, बस घुटना मोड़ें."

पंच्याहत्तरपर्यंत बाबा गप्प होते. ऐंशीला त्यांच्या मानेच्या शिरा वर आल्या. आणि मग त्या हॉलमध्ये, जिथे एरवी फक्त उसासे ऐकू येतात, रेल्वेच्या शेडचा आवाज घुमला.

"कामचोर, पूरी गाड़ी अंधेरे में खड़ी है और तू यहाँ बीड़ी पी रहा है? उठ. तेरे बाप की ट्रेन है क्या?"

पलीकडे एक बाई खांद्याला पट्टा लावून दोरी ओढत होत्या; त्यांनी दोरी सोडली. मुलीने पाय सोडला नाही. शेजारच्या टेबलावरून, छताकडे बघतच, आवाज आला.

"साहब, ये वाली तो मेरी थी."

बाबा धापा टाकत होते. "हाँ. तेरी ही थी."

"पूरी नहीं बोली आपने. आगे मेंढक भी था."

"मेंढक दूसरे के लिए था."

"नहीं साहब. मेंढक भी मैं ही था." त्याने डावा हात वर केला. एक बोट टोकाला वाकडे होते. "और ये नौ उंगली वाली भी सुना दो. बहुत दिन हो गए."

"बयासी," मुलगी म्हणाली, आणि कार्डावर लिहिले.

बाबांनी ती बोटांची शिवी दिली नाही. मान वळवून त्या वाकड्या बोटाकडे पाहिले मात्र, चांगले निरखून, मग विचारले, "थंडी में दुखता है?"

"दुखता है साहब."

"सरसों का तेल लगा."

त्यानंतर शुक्रवारी, सोमवारी आणि बुधवारी कार पहिल्याच सेल्फला सुरू झाली. नवऱ्याने हे नव्या बॅटरीच्या खात्यावर जमा केले आणि दुकानदाराला फोन करून सांगितले, की माल पहिले दोन-तीन दिवस बसायला वेळ घेतो. मी त्याला खरे सांगितलेले नाही. सासूबाईंना सांगायला गेले तर त्या तांदूळ निवडत म्हणाल्या, "मले माहीत होतं. रोज बॉनेटचा आवाज येत होता."

"मग सांगितलं काहून नाही, आई?"

"तू एवढं लिहून राहिली होती. मले वाटलं, त्याच्यात असन."

बाबा अजूनही सोम-बुध-शुक्र साडेपाचला खाली जातात. मला म्हणाले, प्रवासाआधी गाडीची तपासणी झालीच पाहिजे, तसा नियमच असतो. जाताना टर्मिनल घट्ट आहे ना बघतात, येताना दोन पायऱ्या चढतात. फ्रिजवरच्या यादीत 'अशक्य' त्यांनी खोडले नाही, पण पुढच्या चौकटींमध्ये खुणा येऊ लागल्या आहेत. पाना त्यांच्या स्वेटरच्या खिशात असतो. मी तो परत मागितलेला नाही.

काल, शनिवारी, २७ तारखेला, डॉक्टरांनी कोन मोजला. त्र्याण्णव. त्यांनी दोनदा मोजला, कारण कार्डावरची गैरहजेरी आणि कोन यांचा मेळ बसत नव्हता. भूल नाही, ऊस नाही. सासूबाईंनी दवाखान्याबाहेरच तीन ग्लास रस घेतला, दोन स्वतः प्यायल्या. मग डॉक्टरांनी पुढचे सांगितले होते ते मी वहीत उतरवले: फेब्रुवारीअखेर एकशे दहा. त्यासाठी आता जोर जास्त लावणार, आठवड्यात तीनऐवजी पाच दिवस.

बाबा ऐकत होते. संध्याकाळी पोर्चमध्ये बसल्या बसल्या त्यांनी अगदी सहज विचारले, "घरात बारा नंबरचा पाना आहे काय?"

मी म्हटले, बघते.

आज रविवार. टूलबॉक्स सापडला आहे, त्यात बारा नंबर आहे, आणि तो मी तूर्त डाळींच्या डब्यामागे ठेवला आहे. नवरा बाहेर धुऊन झालेली कार पुसतो आहे. यादीत एक काम राहिले आहे, आणि ते उद्या सहा पन्नासच्या आत व्हायला हवे: आमच्या कारमध्ये बारा नंबरचा नट कुठे कुठे असतो, ते शोधणे.